आधी निष्कर्ष

संख्याशास्त्रज्ञ हेमांगी रेगेंनी रक्तात शिसं सापडलेल्या मुलांची माहिती संगणकात भरली आणि पडद्यावर लाल ओळ उमटली : ‘चूक. आधी निष्कर्ष सांगा.’

“मॅडम, अजून जुनीच सवय?” आरोग्य खात्याचे उपसंचालक दिघोळे हसले. “नव्या संगणकभाषेत आकडे शेवटी.” त्यांनी वाकून स्वतःच टाइप केलं, ‘कारखान्याच्या सांडपाण्यापासून गावाला धोका नाही.’

क्षणात सुबक आलेख तयार झाला. त्यात एकही मूल नव्हतं.

“झकास! द्या पाठवून,” म्हणत दिघोळे जेवायला गेले.

हेमांगीबाईंनी पाठवायचं बटण दाबलं नाही. जुन्या संगणकभाषा हट्टी होत्या. एक स्वल्पविराम चुकला तरी अडून बसायच्या, पण कुणाची हांजी हांजी करत नव्हत्या. ही मात्र नुसती लाळघोटी!

त्यांनी संतापून टाइप केलं, ‘गावाला धोका आहे.’

तितक्याच तत्परतेने, तितकाच सुबक आलेख आला. सगळी मुलं परत आली होती. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला, तोच खाली अदबीने एक ओळ उमटली :

‘आणखी आजारी मुलं हवी असतील तर सांगा.’