पायमोजे

"पायमोज्यांना हात लावायचा नाही!"

अक्कांचा आवाज चढला तशी परिचारिका दचकून मागे सरली. भाषा तिला कळत नव्हती, पण हुकूम कोणत्याही भाषेत कळतो. घरी तीन सुना ज्या आवाजाने चळाचळा कापत, तो परक्या देशातल्या ह्या इस्पितळातही तसाच चालला.

खाटेवर लेक होता. कारखान्यात स्फोट झाला, तेव्हापासून शुद्ध नव्हती. घशात नळी, चेहराभर पट्ट्या. एक डोळा तेवढा पट्टीबाहेर ठेवलेला, तोही मिटलेला. कोटावरच्या बिल्ल्यावरून त्याची ओळख पटली आणि कंपनीने अक्कांना विमानाने आणवले. सोबतीला कचेरीतला एक टकलू दुभाषी दिला, आपल्याच बोलीचा.

पहिल्या दिवशी अक्कांनी पायांवरची चादर सारली, तळवे चोळले, आणि चोळता चोळता थांबल्या. मग पिशवीतून लोकरीचे पायमोजे काढून त्यांनी ते चढवले. त्यानंतर ते पाय कुणाच्या दृष्टीस पडले नाहीत. अंग पुसायचे तेही अक्काच पडदा ओढून पुसत.

"काकू, किती कराल? जरा पाठ टेका," दुभाषी म्हणे.

"माझी पाठ चितेवरच टेकेल. तू डॉक्टर काय म्हणतो ते सांग."

एकदा त्याने चाचरत विषय काढला. "ह्याच्या खोलीतला जोडीदार जागीच गेला हो. पेटी गावी पाठवली, पण उघडू दिली नाही. अग्नी देऊन झाला. त्याची आई अन्नाला शिवत नाही म्हणे. फोनवर दोन शब्द बोलाल का तिच्याशी?"

"मी काय बोलू?" अक्कांनी भिंतीकडे तोंड फिरवले. "माझा जिवंत आहे."

दुभाष्याच्या नजरेतला 'दगड' अक्कांनी वाचला आणि खुशाल पदरात घेतला.

आज सकाळी नळी निघाली. दुपारी तो डोळा उघडला. ओठ हलले.

"आई…"

परिचारिका हसली. दुभाषी खाटेशी धावला. "काकू, हाक मारली! तुमच्या कष्टांचं सोनं झालं!"

अक्का त्या डोळ्याकडे पाहत होत्या. तो त्यांच्या चेहऱ्यावर आला, क्षणभर थबकला आणि पुढे सरकला. थेट दारापर्यंत गेला. दारात कुणीच नव्हते.

"आई कुठंय?"

अक्कांनी स्वतःच्या हातांनी त्याचे पायमोजे उतरवले आणि त्यांची नीट घडी घातली.

"ह्याच्या आईला फोन लाव."

"काकू, असं काय करता? शुद्धीवर येताना माणूस बरळतो. आई तुम्हीच ना ह्याची?"

अक्कांनी वहाण काढून पाऊल पुढे केले. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. "ही माझ्या बापाच्या घराण्याची मोहोर. माझ्या पोटचं एकही पोर हिच्यावाचून जन्मलं नाही. आता ह्याची बोटं बघ."

खाटेवरच्या पायांची बोटे सरळ, एका ओळीत होती.

"ह्याला थंडी सोसत नव्हती. माझ्या कर्णाने आपला कोट काढून ह्याला दिला. फोनवर सांगितलं, तेव्हा किती बोलले होते मी त्याला!"

दुभाष्याला हळूहळू उमगले. "म्हणजे तुम्हाला…"

"पहिल्या दिवसापासून. हे पाय झाकलेले होते तोवर माझा जिवंत होता."

त्याने फोन काढला. "काय सांगू त्या माउलीला?"

अक्कांनी पायमोज्यांची घडी छातीशी धरली.

"म्हणावं, डोळे पूस आणि चार घास खा. माझ्या वाटचं तू रडलीस. आता माझं मला रडू दे."