प्रश्न सातवा

"नाव नको, काका. फक्त मत."

मग घे, म्हणाले काका. निवृत्त शाळा-तपासनीस, मत द्यायला त्यांना निमित्तच हवं होतं. फोनवर आवाज जरा उशिरा पोचत होता, म्हणून ते ओरडून बोलत होते.

पाचव्या मजल्यावर, काचा फुटून उडू नयेत म्हणून चिकटपट्ट्या मारलेल्या खिडक्यांआड, तिच्यासारख्या साठ जणी हेच विचारत होत्या: युद्धात होरपळणाऱ्या देशाला धान्य द्यावं का? जहाज भरून उभं होतं. 'हो' म्हणणारे निम्म्याहून कमी निघाले, तर ते बंदरातच रिकामं करायचं, असं काकांच्या सरकारने जाहीर केलं होतं.

उत्तर सुचवायचं नाही, आवाजात हसू ठेवायचं, एवढेच नियम. एक खूण जरी खोटी सापडली, तर सगळी पाहणी बाद. म्हणजे जहाजही गेलंच.

प्रश्न तिसरा. द्यावं का?

"घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. नाही लिही."

तिने 'नाही' लिहिलं. सकाळपासून तो रकाना वाढतच होता.

प्रश्न चौथा. कारण?

काकांनी कारणांचं पोतंच सोडलं. फुकटाचं खाऊन माणूस सोकावतो. त्या लोकांच्या अंगात भांडायला बळ आहे, नांगरायला नाही? आणि उपाशी म्हणजे नेमके किती उपाशी? वजनापायी डॉक्टरांनी त्यांचंही रात्रीचं जेवण बंद केलं होतं. ते मेले होते का? मध्येच त्यांनी आत हाक मारून कालचं उरलेलं कुत्र्याला घालायला सांगितलं. कुत्रा शिळं खात नाही, असं उत्तर आलं.

तिने 'इतर कारणे'मध्ये लिहिलं: वजन.

पाचवा आणि सहावा प्रश्न वयाचा, शिक्षणाचा. दोन्हींवर काका खूश.

"पोरी, बोलणं मात्र स्वच्छ हो तुझं. आमच्या इथल्या मुलींना जमत नाही."

"सराव लागतो, काका."

प्रश्न सातवा, शेवटचा. त्या देशातल्या एखाद्या माणसाशी तुमचं कधी बोलणं झालंय का?

"त्या लोकांशी? आयुष्यात नाही. होऊही नये."

तिने त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि 'हो'वर खूण केली. खाली छापलेलं होतं: असल्यास, कधी?

तिने लिहिलं: आत्ता.