मुका ट्रक

"नागपूर एका दमात गाठायचो आपण. आता या लाडोबाला घडोघडी बाटली पाजत बसा!" विजेवरच्या नव्या ट्रकला थाप मारून चाँदभाई खिदळला आणि चार्जिंग होईस्तोवर ट्रकखालीच सावलीत आडवा झाला.

जुन्या डिझेलच्या ट्रकखालीही तो असाच घोरायचा. सर्जेरावनं चावी मारली की इंजिन धडधडायचं आणि चाँदभाई शिव्या हासडत बाहेर यायचा.

चार्जिंग झालं. सर्जेरावनं सवयीनं बटण दाबलं. ट्रक गुपचूप सुरू झाला. खालून शिव्या काही आल्या नाहीत.

"गेला वाटतं हादडायला," म्हणत त्यानं ट्रक ढाब्याकडे वळवला. मागचं चाक कशावर तरी चढलं आणि उतरलं.

सर्जेराव उडी मारून मागं धावला. उभा जन्म दोघांनी जोडीनं रस्त्यावर काढला होता, पण चाँदभाईला हाका मारून उठवायची त्याच्यावर ही पहिलीच वेळ होती.