दहा पॉइंट दोन

ब्युरेट एकेचाळीस होत्या, त्यांतल्या नऊ गळक्या. स्टँड सतरा, फ्लास्क त्रेसष्ट, तराजू चार. परिचर दोन: सेलूच्या कॉलेजचा तानबा आणि सिंदीच्या कॉलेजच्या शोभाबाई. तीन कॉलेजं एकत्र करून झालेल्या विद्यापीठात रसायनशास्त्राला परिचराचं एकच पद मंजूर होतं. दुसऱ्याचं कंत्राट आज संपणार होतं.

परीक्षा विभागप्रमुख कृष्णकांत सरांनी ठरवली. आम्लाची बाटली सकाळी ईराने भरली. ती विभागातली सगळ्यांत नवी सहायक. दोघांना त्याच बाटलीतलं दहा-दहा मिलिलिटर. वरून ब्युरेटच्या तोटीतून थेंब थेंब कॉस्टिक सोडा सोडायचा, आम्ल संपून फिका गुलाबी रंग आला की थांबून किती मिलिलिटर लागलं तो आकडा सांगायचा. यायला हवं होतं १०.२, दरवर्षी येतं तेच.

तानबाने तीनदा केलं. १०.२, १०.२, १०.२. आकडा सांगितला की तो फ्लास्क लगेच धुऊन टाकायचा.

"एकतीस वर्षं पोराइले हेच करून दिलं मॅडम," तो ईराला म्हणाला. "झोपेतही चुकत नाई."

शोभाबाईंनी तोटी जेमतेम उघडली आणि बंद केली. फ्लास्क धुऊन पुन्हा केलं. पुन्हा तिथंच थांबल्या.

"काऊन वो बाई, थकल्या का?" तानबाने विचारलं.

"पहिल्याच थेंबाले गुलाबी झालं."

"सिंदीले रंगपंचमी लवकरच येते म्हना!"

सर हसले. "मावशी, अजून एकदा करा," ईरा म्हणाली.

त्यांनी केलं. "शून्य पॉइंट एक."

"अहो, दहाच्या जवळपासचं काहीतरी लिहा," सर म्हणाले. "मी धरून घेतो."

शोभाबाई फ्लास्ककडे पाहत राहिल्या. "दोन पोरी शिकून राह्यल्या सर. नोकरी मले पायजेच. पन दिसलं ते इतकंच."

त्यांनी ०.१ लिहून सही केली. सरांनी निवडपत्र भरलं. तानबाने चाव्या घेतल्या. शोभाबाई चारच्या गाडीसाठी निघाल्या.

आम्ल ओतून देण्याआधी त्याची पीएच नोंदवावी लागते. या आम्लाची दीडच्या आसपास येते. नुसत्या पाण्याची सात. ईराने बाटलीत उरलेलं सगळं बीकरमध्ये घेतलं आणि मीटरची कांडी बुडवली. आकडा स्थिर व्हायला अर्धं मिनिट लागलं.

७.०.