त्रेचाळीस अंश

पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा त्रेचाळीसवर स्थिर होता, आणि संगणक तिसऱ्यांदा गोठला.

पवित्राने माऊस हलवून पाहिला. बाण जागचा हलला नाही. पडद्यावर चांदीचे पैंजण अर्धेच उमटले होते. उरलेला अर्धा भाग काळोखातच होता. हे अठरावे चित्र. अशी चोवीस चित्रे जोडली, की तिच्या वडिलांनी, रुद्राप्पांनी, स्वतः कल्पिलेले पैंजण पडद्यावर गोल फिरणार होते. पाच वाजता कोल्हापूरहून व्यापारी सयाजीराव हुपरीला येणार होते आणि ते पाहून मागणी द्यायची की नाही, हे ठरवणार होते. नेमून दिलेल्या वेगाने हे काम उद्या दुपारपर्यंत लांबले असते. म्हणून तिने प्रोसेसर त्याच्या वेगापलीकडे पळवला होता, आणि तो करपू नये म्हणून सकाळपासून त्या आकड्यावरची नजर काढली नव्हती.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला भट्टी थंड पडली होती. वरच्या कोनाड्यात तिने दिवाळीत आणलेला भट्टीचा तापमापक खोक्यातच होता. रुद्राप्पांनी त्याची सुतळीही सोडली नव्हती. तीस वर्षे वितळत्या चांदीचा ताप त्यांना तिच्या रंगावरून कळत आला होता. आता त्यांच्या डोळ्यांना रंगच फिके दिसू लागले होते. चांदी वितळवायच्या मागच्या दोन मुशी जास्त तापल्या. निवताना चांदीला फोड आले. "मागणी आली न्हाय तर सोमवारी भट्टी मोडायची," असे ते सकाळी ताटावरून उठता उठता म्हणाले होते.

"परत बसलं व्हय?" रुद्राप्पा दारातून आत आले.

"व्हय, अप्पा. तापलं म्हणावं, तर ताप दिसत न्हाय. त्रेचाळीसच."

ते संगणकाच्या उघड्या डब्यापाशी उकिडवे बसले. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना त्यांनी बोट लावले आणि झटकन मागे घेतले.

"त्रेचाळीस म्हणं! त्रेचाळीसच्या पाण्यानं म्या रोज आंघोळ करतो. ह्येनं केली तर सोलून निघीन की."

"मग आकडा खोटा सांगतोय?"

"त्यो कशाला खोटं सांगंल? त्यो दुसरंच कायतरी मोजत आसंल. मोजणारं कुठं बसलंय, दाव."

पवित्राने वीज बंद केली, वायर काढली. पात्यांचा ठोकळा निवू दिला, मग उतरवला. बाजूची दांडी उचलून प्रोसेसर अलगद वर घेतला. त्याच्याखालच्या रिकाम्या चौकोनात, दोन बारीक तारांच्या टोकाला, मोहरीएवढा मणी आडवा पडलेला होता. हाच तो मोजणारा.

तिला तो दिवस आठवला. प्रोसेसर बसवताना हा मणी वर आलेला दिसला होता, आणि तिने तो नखाने दाबून सपाट केला होता. विचार करून नव्हे. चांदीच्या कामात वर आलेला कण दिसला की बोट आपोआप त्याच्यावर जाते. तेव्हापासून तो प्रोसेसरला टेकलाच नव्हता. भोवतालच्या पोकळीतली हवा मोजत राहिला होता.

"मीच दाबला की ह्यो," ती पुटपुटली.

"ह्याच घरातली न्हवं तू? दाबणारच." रुद्राप्पा हसले. "घे चिमटा. उचल."

तिने चिमटा टेकवला आणि हात मागे घेतला. तार तुटली असती तर मोजायला काहीच उरले नसते.

"आण हिकडं."

"अप्पा, लई बारीक हाय. तुम्हाला दिसायचं न्हाय."

"बघायचं काम हाय व्हय ह्ये?"

त्यांनी धोतराला हात पुसले. डोळे मिटले. डाव्या हाताच्या बोटाने मणी शोधला, उजव्या हातातला चिमटा त्याखाली सरकवला, आणि केसाएवढे अंतर वर उचलले. तार शाबूत होती.

"आता बशीव."

तिने प्रोसेसर बसवला, त्याच्या पाठीवर पांढऱ्या लेपाचा पातळ हात दिला, वर पात्यांचा ठोकळा आवळला. वीज जोडून यंत्र चालू केले, पण वेग मुद्दाम तोच ठेवला. तिला एकदा खरे काय ते पाहायचे होते.

बावन्न. साठ. अडुसष्ट. आकडा चढत गेला, आणि चौऱ्याहत्तरला पवित्राच्या चेहऱ्यावर हसू फुटले.

"वाढला की गं त्यो. हसतीस काय?"

"वाढलेला पयल्यापासनंच हुता, अप्पा. आता दिसाय लागला."

तिने यंत्र पुन्हा सुरू करून वेग एक पायरी खाली आणला. स्वयंपाकघरातला टेबलफॅन आणून उघड्या डब्यासमोर ठेवला. आकडा एकसष्टवर आला; थोडा चुळबुळला, मग तिथेच राहिला. अठरावे चित्र वरच्या कडेपासून पुन्हा उमटू लागले.

चारला दहा मिनिटे असताना चोविसावे पुरे झाले. पैंजण पडद्यावर फिरले: एक घुंगरू मागे गेले, दुसरे पुढे आले. रुद्राप्पा पडद्याला नाक लागेल इतके जवळ वाकून पाहत राहिले. मग उठले.

पवित्रा सीडी भरायला लागली. पाठीमागे सुतळी तटकन तुटल्याचा आवाज आला, म्हणून तिने वळून पाहिले.

रुद्राप्पा थंड भट्टीसमोर उभे होते. बाहीला कोनाड्यातली धूळ लागली होती, आणि हातात तापमापकाची लांब नळी होती.

"ह्याचं टोक कुठं टेकवायचं आसतंय," ते म्हणाले, "तेवढं दाव."