पाचच्या आत कौल

चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती आणि देव काही बोलत नव्हता.

कट्टा गावच्या बाजारात, दीपेशच्या झेरॉक्सच्या दुकानात रिया खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. समोर कॉम्प्युटरवर मेडिकलच्या प्रवेशाचा फॉर्म उघडा. पसंतीची अकरा सरकारी कॉलेजं ओळीने भरलेली, बारावी ओळ मोकळी. पाच वाजता फॉर्म बंद होणार होता.

की-बोर्डला टेकवलेल्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल चालू होता. त्यात गावचं देऊळ दिसत होतं, काळ्या दगडाची मूर्ती, आणि मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने चिकटवलेली एकेक पांढरी पाकळी. उजवी आधी पडली तर होय. डावी आधी पडली तर नाही. मूर्तीसमोर रियाचा बाप, शंकर गुरव, हात जोडून उभा होता. मोबाइल धरला होता तिच्या आईने, सुगंधाने. चित्र सारखं हलत होतं.

"बा म्हाराजा," शंकरने पुन्हा सुरुवात केली, "माझा चेडू दाक्तर होवक निघालला आसा. बाराव्या नंबराक त्या खाजगी कॉलेजाचा नाव घालूचा काय नाय, ता तुया उजवी-डावी देवन सांग रे म्हाराजा!"

या गाऱ्हाण्याला होकाराचं 'व्हय म्हाराजा' म्हणायला देवळात सुगंधाशिवाय कोणी नव्हतं. ती गप्प राहिली. शंकरने ते स्वतःच म्हणून घेतलं.

सरकारी कॉलेजं रियाला नऊ मार्कांनी हुकतील असं गेल्या वर्षीची यादी सांगत होती. खाजगी कॉलेज नक्की मिळणार होतं. मिळालं की घ्यायचं. नाही घेतलं तर पुढच्या फेरीतून नाव बाद. आणि घ्यायचं म्हणजे घरामागची काजूची बाग विकायची. गिऱ्हाईक तयारच होतं. त्या बागेवर घर चालत होतं. ती बाग सुगंधाने डोक्यावरून पाणी वाहून जगवली होती.

उजवी पडली तर बाग जाणार, याची रियाला भीती होती. डावी पडली तर काय, याची त्याहून जास्त. दोनदा परीक्षा देऊन झाली होती. तिसऱ्यांदा द्यायची ताकद घरात कोणाकडेच उरली नव्हती. घामाने ओला झालेला माउस तिने पुन्हा ओढणीला पुसला.

"गुरवकाकांनू," दीपेश मोबाइलवर वाकला, "देवाक सांगा, साइट पाचाक बंद होता."

"देवाक घड्याळ दाखवू नको रे."

"बाबा, ऱ्हवांदे," रिया म्हणाली. "मी नर्सिंगाक जातंय."

"तुका इचारलंय मी? मी देवाक इचारतंय."

पाकळी पडल्याशिवाय कौल सांगायचा नाही, ही शंकरची तीस वर्षांची रीत. एकदा सरपंचाला बोअरवेल मारायची होती. त्याला सकाळी देवळात बसवलं, तो दिवेलागणीला उठला. शेवटी पाकळी पडली ती डावी. सरपंच अजून शंकरशी बोलत नाही.

चार चव्वेचाळीस.

"पंखो लावूया काय जरा?" मोबाइलमागून सुगंधा म्हणाली.

दीपेशला हसू आलं. शंकरने बायकोकडे असं बघितलं की त्याचं हसू गेलं. देवळातला पंखा मूर्तीच्या डावीकडे होता की उजवीकडे, ते रिया आठवत राहिली. जन्मापासून त्या देवळात जात होती, पण आठवेना.

चार एकावन्न. शंकरने तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. या वेळी त्याचे शब्द मागेपुढे झाले. पाकळ्या तशाच.

"किती वाजले गो?" त्याने विचारलं.

देवासमोर उभं राहून त्याने वेळ विचारलेली रियाने कधी ऐकली नव्हती. "चार छप्पन," ती म्हणाली.

शंकर वळला. गाभाऱ्यातून निघताना तो नेहमी उलट्या पावलांनी येई, देवाला पाठ दाखवत नसे. आता सरळ पाठ करून चालत आला. मोबाइलच्या इतका जवळ, की सगळ्या स्क्रीनभर त्याचं तोंडच झालं.

"उजवो," तो म्हणाला. आवाज बारीक. "उजवो दिल्यान. घाल तो बारावो नंबर."

सुगंधाने हात थोडा वर उचलला असावा. शंकरच्या खांद्यावरून मूर्ती दिसली. दोन्ही पाकळ्या होत्या तिथेच होत्या.

दीपेशनेही बघितलं. मग त्याने यादीत त्या कॉलेजचं नाव शोधून दिलं. "बटण तूच दाब गो," तो म्हणाला. "ह्या माका जमाचा नाय."

रियाचं बोट माउसवर होतं, पण खाली जाईना. चार अठ्ठावन्न.

"आये?" ती म्हणाली.

मोबाइलमध्ये शंकर हलला नाही. डोळे मिटून, देवाकडे पाठ करून उभा राहिला. मग दुपारपासून हलत असलेलं ते चित्र एकदम स्थिर झालं.

"व्हय म्हाराजा," सुगंधा म्हणाली.