लेकीच्या हातची भाकर

रुख्मिणीच्या माहेराहून, देऊळघाटहून, थेट लोणारपर्यंत सायकलींवर जायचं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, अर्जुनरावांनी ठरवलं, तेव्हा वळकट्या घेऊन मागून बैलांची दमणी हाकत यायला तिचे वडील कडूबा आपणहून तयार झाले. अट एकच घातली. "लेकीले लेकरू होयेपर्यंत तिच्या हातचं खानार नाही मी. माहा शिधा येगळा."

पहिल्या मुक्कामाला, चिखलीच्या डाकबंगल्यावर, नागपूरच्या एका साहेबांच्या पत्नीनं मळक्या धोतरातल्या कडूबांकडे पाहून विचारलं, "हे कोण?"

"गाडीवान," रुख्मिणी म्हणाली.

कडूबा तिथंच बैल सोडत होते. त्यांचा हात क्षणभर जुवावर थांबला.

त्यानंतर दोन दिवस तिला त्यांच्याकडे मान वर करून पाहवेना. तिसऱ्या दुपारी, बीबीच्या अलीकडे एका निंबाखाली, ती भाकरी वाढत होती. कडूबा जरा दूर उकिडवे बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

"आबा, माझ्या हातची?"

कोणाला हाक मारली म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. मग तिच्या हातातली भाकर घेऊन ते खाऊ लागले.

"चुकलं माझं, आबा." तिला रडू फुटलं.

अर्जुनराव हसले. "अगं, गाडीवानाला आबा काय म्हणतेस?"

ते थट्टा करत नव्हते.

कडूबांचा घास थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, परकी बाई समोर रडताना होतो तो संकोच होता.

"नोका रडू, बाईसाहेब," ते हळूच म्हणाले. "तुमचे आबा कोन्या गावचे?"

ती सांगायला गेली, आणि तिला गाव आठवेना.